कर्माची वही कुणाकडे असते?

‘प्रत्येक क्रियेला तितकीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते, म्हणजे न्यूटनने कर्मसिद्धांतच सिद्ध केला’, असा एक संदेश फोनवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. भल्याचं भलं व्हावं आणि विज्ञानाचाही त्याला दुजोरा असावा, असं कुणाला वाटणार नाही? पण हा पुरावा टिकत नाही. तो का टिकत नाही हे नीट पाहिलं, की खरा पुरावा कुठे शोधायचा तेही कळतं.

तळहाताने भिंत दाबून पाहा. तुम्ही जितक्या जोराने दाबता तितक्याच जोराने भिंत तळहाताला दाबते, तेही त्याच क्षणी. ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात, एक भिंतीवर आणि दुसरं हातावर. यात उशीर नाही, साठवण नाही, आणि हात प्रेमाने ठेवला की रागाने याचाही काही संबंध नाही. कर्माच्या कल्पनेला मात्र नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. आज केलेलं उद्या फळतं, मधल्या काळात ते कुठेतरी जमा राहतं, आणि कृत्य चांगलं की वाईट यावर फळ ठरतं. म्हणजे नोंद ठेवणारी एखादी वही हवी. भौतिकशास्त्रात अशी वही सापडत नाही. जीवशास्त्रात आणि मानसशास्त्रात सापडते, आणि गेल्या साठेक वर्षांत तिचा पुष्कळ अभ्यास झाला आहे.

## आधी प्रश्न नीट मांडू

परंपरेत कर्माचे तीन भाग सांगतात. आजवर साठलेलं ते संचित, त्यातलं या जन्मी भोगायला आलेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता आपण करतो आहोत ते क्रियमाण. पहिल्या दोहोंचा धागा मागच्या जन्मांपर्यंत जातो. तिथे मोजता येईल असं विज्ञानाच्या हाती काही लागत नाही, त्यामुळे त्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ असा शिक्काही विज्ञानाला मारता येत नाही. क्रियमाण मात्र डोळ्यांसमोर घडतं. कोण कुणाशी कसं वागलं आणि पुढे त्याच्याशी लोक कसे वागले, हे पाहता येतं, मोजता येतं.

आता ‘करावे तसे भरावे’ ही म्हण घ्या. ती दोन दिशांनी वाचता येते. पुढे वाचली तर अर्थ निघतो, ‘चांगलं वागलास तर तुझं चांगलं होण्याची शक्यता वाढेल.’ मागे वाचली तर, ‘याचं वाईट झालं, म्हणजे याने काहीतरी वाईट केलेलं असणार.’ पहिल्या वाचनाला पुरावा आहे, पण अटींसकट. दुसऱ्याला नाही. बोलताना आपण या दोन वाचनांत इतक्या सहज ये-जा करतो, की ती वेगळी आहेत हेच लक्षात येत नाही.

## चांगुलपणा टिकलाच कसा?

जीवशास्त्राला हा प्रश्न फार काळ छळत होता. दुसऱ्याला मदत करणारा प्राणी स्वतःचं अन्न, वेळ, कधी जीवही खर्च करतो. मग पिढ्यानपिढ्यांच्या स्पर्धेत असे प्राणी संपून कसे गेले नाहीत?

पहिलं उत्तर १९६४मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी दिलं. सख्ख्या भावंडांमध्ये सरासरी निम्मी जनुकं सामाईक असतात. त्यामुळे भावंडाला होणारा फायदा मदत करणाऱ्याच्या नुकसानीच्या दुपटीहून जास्त असेल, तर मदतीची वृत्ती पुढच्या पिढीत टिकते. नातं जितकं लांबचं, तितका फायदा मोठा असावा लागतो. यातून आईची माया आणि मुंग्यांचं वारूळ समजतं, पण परक्याला दिलेला हात समजत नाही.

परक्यासाठीचं उत्तर १९७१मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मांडलं. आज मी तुला, उद्या तू मला. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे रक्तावर जगणारी वटवाघळं. यांना सलग दोन-तीन रात्री शिकार मिळाली नाही तर ती उपासमारीने मरतात. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकामध्ये त्यांचा अभ्यास करून १९८४मध्ये दाखवलं, की पोट भरून आलेलं वटवाघूळ भुकेल्या सोबत्याच्या तोंडात रक्त ओकून देतं. आणि ते कुणालाही देत नाही. नातलगांना देतं, शिवाय ज्यांच्यासोबत नेहमीचा सहवास आहे त्यांना देतं. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की कुणाला द्यायचं हे ठरवताना नात्यापेक्षा ‘याने मला पूर्वी दिलं होतं का’ हेच जास्त निर्णायक असतं. अनोळखी दोघं आधी एकमेकांचं अंग चाटून साफ करतात, म्हणजे अगदी स्वस्तातली मदत करून बघतात, आणि मगच रक्ताची देवघेव सुरू होते.

इथे आपल्याला वही सापडली. ती वटवाघळाच्या स्मरणात आहे.

## दहा फेऱ्यांचा हिशोब

‘चांगल्याचं चांगलं होतं’ हे कागदावर तपासता येतं. त्यासाठी एक साधा खेळ वापरतात. दोघांनी एकाच वेळी ठरवायचं, सहकार्य करायचं की दगा द्यायचा. दोघांनी सहकार्य केलं तर प्रत्येकी ३ गुण. दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १. एकाने सहकार्य केलं आणि दुसऱ्याने दगा दिला, तर दगाबाजाला ५ आणि भल्याला ०. एकच फेरी असेल तर दगाच फायद्याचा. समोरचा काहीही करो, दगा देणाऱ्याला प्रत्येक वेळी जास्तच मिळतात.

आता फेऱ्या दहा करा आणि चार जणांना आळीपाळीने एकमेकांशी खेळवा. दोघं ‘जशास तसे’ वागणारे आहेत. ते सुरुवात सहकार्याने करतात आणि नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच परत करतात. उरलेले दोघं कायम दगा देणारे.

दोन ‘जशास तसे’ समोरासमोर आले की दहाही फेऱ्यांत सहकार्य, म्हणजे प्रत्येकी ३०. दोन दगाबाज समोरासमोर आले की प्रत्येकी १०. ‘जशास तसे’ आणि दगाबाज भिडले तर पहिल्या फेरीत दगाबाज ५ घेतो आणि पुढच्या नऊ फेऱ्यांत दोघांनाही १-१ मिळतो, म्हणजे दगाबाजाचे १४ आणि दुसऱ्याचे ९. एकूण बेरीज करा. ‘जशास तसे’ला ३० + ९ + ९ = ४८. दगाबाजाला १४ + १४ + १० = ३८.

इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. ‘जशास तसे’ एकाही प्रतिस्पर्ध्याला समोरासमोर हरवत नाही. एकतर बरोबरी होते, नाहीतर तो हरतो. तरी एकूण बेरजेत पुढे जातो, कारण त्याची कमाई दुसऱ्याकडून ओरबाडलेली नसते, एकमेकांच्या साथीने उभी राहिलेली असते. रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी १९८०च्या सुमारास जगभरातल्या अभ्यासकांकडून अशा खेळासाठी संगणकाचे डावपेच मागवले. पहिल्या स्पर्धेत १४ आले, दुसरीत ६२. दोन्ही वेळा अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवलेलं ‘जशास तसे’च पहिलं आलं, आणि सगळ्यांत आखूड प्रोग्राम त्याचाच होता.

पण याच गणितात कर्माच्या अटीही लिहिलेल्या आहेत. फेऱ्या दहाऐवजी दोनच ठेवा. भल्याची बेरीज ६ + १ + १ = ८ होते आणि दगाबाजाची ६ + ६ + २ = १४. निकाल उलटला. किंवा फेऱ्या दहाच ठेवा, पण भला माणूस एकटा आणि दगाबाज तीन करा. भल्याला ९ + ९ + ९ = २७, दगाबाजाला १४ + १० + १० = ३४. पुन्हा उलटला. म्हणजे चांगुलपणाचं फळ मिळायला भेटीगाठी पुन्हा पुन्हा व्हाव्या लागतात आणि आपल्यासारखा निदान एखादा तरी आसपास असावा लागतो.

## गैरसमज झाला तर?

प्रत्यक्षातली माणसं संगणकासारखी बिनचूक नसतात. निरोप पोचत नाही, फोन उचलायचा राहून जातो, शब्द लागतो. दोन ‘जशास तसे’ खेळताना एकाच्या हातून एकदा चुकून दगा झाला, तर दुसरा पुढच्या फेरीत त्याची परतफेड करतो, मग पहिला, मग पुन्हा दुसरा. ही साखळी आपोआप थांबत नाही. सरासरी ३ वरून २.५ वर येते. त्यात आणखी एक चूक झाली तर दोघं कायमच्या दग्यात अडकून १ वर येऊ शकतात. पिढीजात भाऊबंदकी हीच. दोघंही मनापासून सांगतात, ‘सुरुवात त्याने केली.’

१९९२मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड यांनी यावरचा उपाय मोजला. दगा मिळाला तरी काही वेळा तो पोटात घालून सहकार्य करायचं. वरच्या गुणांसाठी हे प्रमाण साधारण तीनातून एकदा येतं. त्याहून जास्त माफ केलं तर दगाबाज माजतात, कमी केलं तर भांडण मिटत नाही. आणि कधी माफ करायचं याचा समोरच्याला अंदाज येता कामा नये. ‘दर तिसऱ्या वेळी माफी’ असा नियम कळला, की त्याचा गैरफायदा घेतला जातो. क्षमा हा नुसता मनाचा मोठेपणा आहे असं आपण समजतो. या गणितात ती संबंध दुरुस्त करणारं अवजार आहे, आणि अवजारासारखंच तिचंही माप आहे.

## परतफेड तिसऱ्याकडून येते तेव्हा

आतापर्यंतचा हिशोब दोघांतला होता. कर्माची कल्पना त्याहून मोठी आहे. मी याचं भलं केलं आणि माझं भलं भलत्याच कुणीतरी केलं, असं कसं होतं?

ते होतं ते नावलौकिकामुळे. याला परोक्ष परतफेड म्हणतात. मी एकाला मदत करताना तिसऱ्याने पाहिलं किंवा त्याच्या कानावर आलं, आणि माझी वेळ आली तेव्हा तो धावून आला. नोवाक आणि झिगमुंड यांनी १९९८मध्ये यासाठी एक सोपी अट काढली. समोरच्याचा लौकिक माहीत असण्याची शक्यता ही मदतीचा खर्च भागिले मदतीचा फायदा यापेक्षा जास्त हवी. उदाहरणार्थ, तुमची १० मिनिटं खर्च करून दुसऱ्याचा तासभर वाचत असेल, तर हे गुणोत्तर १० भागिले ६०, म्हणजे एक षष्ठांश. सहांपैकी एकापेक्षा जास्त लोकांना एकमेकांची वागणूक ठाऊक असेल, तर अशा समाजात मदतीची रीत तग धरते. दोनच वर्षांनी क्लाउस वेडेकिंड आणि मॅनफ्रेड मिलिन्स्की यांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं, की पूर्वी इतरांना दिलेल्यांनाच लोक जास्त देतात, प्रत्यक्ष परतफेडीची शक्यता नसली तरीही.

म्हणजे ही वही एका माणसाच्या डोक्यात नाही, ती चारचौघांच्या बोलण्यात आहे. आपण ज्याला कुचाळक्या म्हणून नावं ठेवतो, त्या गप्पांमधूनच ती लिहिली जाते.

आणि म्हणूनच तीत चुकाही होतात. अफवा पसरली की भल्याचं खातं रिकामं होतं. गाजावाजा करून थोडंसं देणाऱ्याचं खातं फुगतं. मुकाट्याने आजाऱ्याची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्याच्या खात्यात काहीच पडत नाही, कारण बंद दाराआड पाहणारं कुणी नसतं. नव्याने आलेल्या माणसाचं पान कोरं असतं, आणि कोऱ्या पानाला लोक बहुतेकदा वाईट पानासारखंच वागवतात. आणखी एक अडचण आहे. लबाडाला मी मदत नाकारली, तर पाहणाऱ्याला काय दिसतं? ‘याने मदत केली नाही.’ नकारामागचं कारणही सोबत पोचलं नाही, तर न्यायाने वागणाऱ्याचीच बदनामी होते.

## कुणी पाहत नसेल तर?

हा आक्षेप रास्त आहे. सगळा खेळ लौकिकाचा असेल, तर एकांतात माणूस दगाच देईल.

२०१९मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे कामाला येतो. अलँ कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं दिली. पाकीट पारदर्शक होतं. आत मालकाचं नाव आणि ईमेल असलेली तीन कार्डं, सामानाची यादी आणि एक किल्ली. बँक, हॉटेल, टपाल कार्यालय, संग्रहालय अशा ठिकाणी दर्शनी टेबलावरच्या माणसाला ते देऊन ‘हे रस्त्यात सापडलं, मला घाई आहे, तुम्ही बघा’ असं सांगून प्रयोगातला माणूस निघून जायचा. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत सुमारे साडेतेरा डॉलरइतकी स्थानिक रक्कम होती.

पैसे नसलेल्या पाकिटांपैकी ४० टक्क्यांच्या मालकांशी संपर्क साधला गेला. पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांच्या. तीन देशांत रक्कम वाढवून सुमारे ९४ डॉलर केली, तेव्हा हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. सामान्य लोकांना आणि अर्थतज्ज्ञांनाही अंदाज विचारला होता. सामान्य लोकांचा अंदाज नेमका उलटा निघाला, आणि अर्थतज्ज्ञांनाही ही वाढ ओळखता आली नाही. किल्लीचा भाग मला विशेष बोलका वाटतो. किल्ली ही सापडणाऱ्याच्या काडीच्या उपयोगाची नाही, फक्त मालकाच्या उपयोगाची आहे. ती आत असली की पाकीट परत येण्याचं प्रमाण वाढत होतं. म्हणजे दुसऱ्याची अडचण डोळ्यांसमोर येत होती. आणि पैसे जास्त असले की ‘आपण चोर ठरू’ ही टोचणी वाढत होती. पाहणारं कुणी नसलं तरी माणूस स्वतः स्वतःला पाहत असतो. वहीची एक प्रत प्रत्येकाने मनात उतरवून ठेवलेली असते.

इथे सावधपणे एक दुरुस्ती. नुसतं डोळ्यांचं चित्र लावलं की लोक प्रामाणिक होतात, हा दावा २००६च्या एका छोट्या प्रयोगावरून खूप पसरला. नंतर अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा लोकांच्या औदार्यावर त्याचा असा परिणाम दिसला नाही.

## भला माणूस मदत का करत नाही?

‘अमका चांगला, तमका वाईट’ असं आपण म्हणतो. वागणं मात्र प्रसंगावर थक्क करणाऱ्या प्रमाणात अवलंबून असतं. १९७३मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषयच वाटेतल्या जखमीला मदत करणाऱ्याची कथा हा होता. वाटेत एक माणूस दारात कोसळून खोकत होता. ज्यांच्यापाशी भरपूर वेळ होता त्यांतले ६३ टक्के थांबले, थोडी घाई होती त्यांतले ४५ टक्के, आणि ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी अवघे १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही.

गर्दीचंही असंच. १९६८च्या प्रयोगात दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फेफरं आल्याचा आवाज ऐकून, आपण एकटेच ऐकतो आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला निघाले. आणखी एक जण ऐकतो आहे असं वाटलं तेव्हा ६२ टक्के, आणि आणखी चौघं ऐकत आहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. यावरून ‘गर्दीत कुणी कुणाचं नसतं’ असा निष्कर्ष काढतात, तो घाईचा आहे. प्रत्येकी ३१ टक्के शक्यता असलेले पाच जण स्वतंत्रपणे ठरवत असतील, तर निदान एकाने तरी उठण्याची शक्यता ८४ टक्के येते. २०१९मध्ये तीन देशांतल्या सीसीटीव्हीवरची २१९ भांडणं तपासली, तर दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक जण मध्ये पडला होता.

याचा व्यवहारात उपयोग आहे. तुम्ही स्वतः संकटात असाल किंवा कुणाला सांभाळत असाल, तर ‘कुणीतरी मदत करा’ असं ओरडू नका. एका माणसाकडे बोट करा, त्याची खूण सांगा आणि एकच काम सांगा, ‘निळा शर्ट, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन लावा.’ जबाबदारी पाच जणांत वाटली की कुणाचीच राहत नाही. एकाच्या अंगावर आली की तो बहुधा उठतो.

## मग हा शेवटी स्वार्थच ना?

लोक इथे हटकून अडतात. परतफेड मिळते म्हणून चांगुलपणा टिकला, तर तो चांगुलपणा कसला?

दोन प्रश्नांची इथे गल्लत होते. एखादी वृत्ती लाखो वर्षांत का टिकली हा एक प्रश्न, आणि या क्षणी माणसाच्या मनात काय आहे हा दुसरा. भूक टिकली ती शरीराला इंधन लागतं म्हणून. पण जेवताना आपण इंधनाचा हिशोब करत नाही, भूक लागलेली असते म्हणून जेवतो. तसंच माणुसकीचं.

फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी २००६मध्ये अठरा महिन्यांच्या २४ मुलांसमोर प्रयोग केले. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो, तो हात लांबवतो पण पोचत नाही. मुलं दुडुदुडु जाऊन तो उचलून देत होती. त्याने चिमटा मुद्दाम फेकला तर मात्र जात नव्हती, म्हणजे गरज कुठली आणि खेळ कुठला हे त्यांना कळत होतं. २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा मदत केली, आणि बक्षीस काहीच नव्हतं. दोन वर्षांनी याच जोडीने दाखवलं, की मदतीबद्दल खेळणं दिलं तर मुलांची पुढची मदत उलट कमी होते. घरात मूल आपणहून हात लावत असेल, तर त्यावर बक्षिसांची योजना आखू नये ती याचसाठी.

मोठ्यांवरचा २००८चा एक प्रयोग असा होता. सकाळी ४६ जणांना पाकिटात ५ किंवा २० डॉलर दिले. निम्म्यांनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करायचे, निम्म्यांनी दुसऱ्यावर. संध्याकाळी फोन करून विचारलं, तर दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी होते, आणि रक्कम ५ होती की २० याने फरक पडला नव्हता. नंतर मोठ्या संख्येवर पुन्हा पाहिलं तेव्हा परिणाम टिकला, पण आकाराने लहान निघाला. दान केलं की आयुष्य बदलतं, असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

लहान बाळांबद्दलचा एक दावा मात्र मागे घ्यावा लागतो आहे. सहा ते दहा महिन्यांची बाळं मदत करणारं बाहुलं निवडतात, असं २००७मध्ये दिसलं होतं. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून हजारभर बाळांवर तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा निवड जवळजवळ निम्मी-निम्मी आली.

## वाईट माणसं मजेत दिसतात, त्याचं काय?

दिसतात, कारण कधी कधी खरंच असतात. दोन फेऱ्यांचा खेळ आठवा. जो सतत जागा बदलतो, ज्याला पुन्हा भेटायचं नसतं, ज्याच्याबद्दल बोलायची लोकांना भीती वाटते, त्याच्यापर्यंत हिशोब पोचत नाही. सत्ता म्हणजे पुष्कळदा वहीचं पान फाडण्याची ताकद.

पान भरायला पदरमोड करणारे लोक लागतात. एर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांचा २००२चा प्रयोग पाहा. चार जण, प्रत्येकाकडे २० गुण. सामाईक पेटीत टाकलेल्या प्रत्येक गुणामागे चौघांनाही ०.४ मिळतात. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाचे ३२ होतात. एकाने काहीच टाकलं नाही तर त्याचे ४४ होतात आणि बाकीच्यांचे २४. असा खेळ चालू राहिला की पेटी हळूहळू रिकामी पडते. पण स्वतःचा १ गुण खर्चून चुकाराचे ३ गुण कापता येतील असा नियम आणला, की पेटी पुन्हा भरते. गंमत अशी, की दर फेरीत गट बदलत असल्यामुळे दंड करणाऱ्याला स्वतःला त्यातून काही मिळत नव्हतं. तरी लोक रागाने दंड करत होते. मात्र पुढे १६ शहरांत हा प्रयोग झाला, तेव्हा काही ठिकाणी चुकारच जास्त देणाऱ्यांना दंड करताना दिसले. तिथे सहकार्य वाढलं नाही. दंडाचं हत्यार कुणाच्या हाती आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

तेव्हा ‘देव बघून घेईल’ म्हणून गप्प बसलेल्या गावात कर्माचा हिशोब ढिला पडतो. तक्रार लिहिणारा, साक्ष द्यायला उभा राहणारा, नुकसान सोसून लबाडाशी व्यवहार तोडणारा माणूस, हे त्या वहीचे कारकून आहेत.

## उलट वाचन कुठे चुकतं

आता म्हणीचं मागे वाचन. चांगल्या वागण्याने खरंच फायदा होतो असं मानलं, तरीही ते चुकतंच. गणित करून पाहा, आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. १००० लोक आहेत. त्यांतले १०० वाईट वागणारे आणि ९०० भले. कर्माचा परिणाम चांगला जोरात आहे असं धरू. वाईटांपैकी ३० टक्क्यांवर मोठं संकट येतं, भल्यांपैकी २० टक्क्यांवरच. म्हणजे संकटात ३० वाईट आणि १८० भले सापडले, एकूण २१०. आता संकटात सापडलेला कुणीही एक माणूस घ्या. तो वाईट असण्याची शक्यता २१०त ३०, म्हणजे १४ टक्के. सहा दुःखी माणसांपैकी पाचांहून जास्त जणांवर आपण खोटा आळ घेतला.

तरी मन तिकडेच ओढतं. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६मध्ये एका बाईला विजेचे झटके बसताना इतर स्त्रियांना दाखवलं. झटके खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. तिचा छळ थांबवता येईल असं ज्यांना वाटलं, त्यांनी तिच्याबद्दल बरं मत दिलं. छळ चालूच राहणार असं ज्यांना सांगितलं, त्यांनी तिलाच नावं ठेवली. जग न्यायी आहे हा विश्वास वाचवायचा, तर एकच वाट उरते, तिचंच काहीतरी चुकलं असेल असं म्हणायचं. कर्म मानणाऱ्यांवरच्या अलीकडच्या अभ्यासातही असाच कल दिसतो. स्वतःबद्दल लिहिताना लोक चांगल्या कर्माचं फळ जास्त आठवतात, दुसऱ्याबद्दल लिहिताना वाईट कर्माची शिक्षा.

मग हा विश्वास सोडावा का? सरसकट तसं म्हणता येत नाही. कर्म मानणाऱ्यांना आधी त्याची आठवण करून दिली, तर अनोळखी माणसासोबत पैसे वाटून घेताना ते जास्त देतात, असंही प्रयोगांत दिसलं आहे. विश्वास स्वतःच्या पुढच्या वागण्याकडे वळला की हात मोकळा होतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे वळला की तोच हात आखडतो.

याची सगळ्यांत कडवट किंमत आजारी मुलांच्या आया मोजतात. डाउन सिंड्रोम असलेलं मूल झालं, की ‘कुठल्या जन्मीचं पाप’ हे वाक्य कुणीतरी बोलतंच, आणि रोख बहुतेकदा आईवर असतो. प्रत्यक्षात बहुतेकदा घडलेलं असतं ते एवढंच. अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुट्या व्हाव्या लागतात, आणि त्यातली एकविसावी जोडी सुटी होत नाही. बाळाला ते गुणसूत्र दोनऐवजी तीन मिळतं. क्वचित हे पित्याच्या बाजूनेही होतं. आईच्या वयानुसार याची शक्यता वाढते, तिच्या वागण्यानुसार नाही. ज्या अंडपेशीत ही चूक होते, तिचं विभाजन ती आई स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच सुरू होऊन मध्येच थांबलेलं असतं. त्या वेळी तिने अजून पहिला श्वासही घेतलेला नसतो.